फर्ग्युसनची गोष्ट सांगणाऱ्यांना

काही काळापूर्वी एका महाविद्यालयातील शिक्षक-प्रबोधन वर्गात एका व्यवस्थापनतज्ज्ञांचे व्याख्यान ऐकण्याचा योग आला. विषय ‘संस्था आणि नेतृत्व’ असा भारदस्त होता. पहिल्या रांगेत संस्थेचे पदाधिकारी होते, मधल्या रांगांत आम्ही कायम सेवेतले प्राध्यापक होतो आणि शेवटच्या दोन रांगांत घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण सहकारी. व्याख्यात्यांनी अलेक्स फर्ग्युसनची गोष्ट सांगितली. मँचेस्टर युनायटेडमध्ये तीन वर्षे एकही चषक नाही, चौथ्या वर्षी संघ गाळात, वर्तमानपत्रांनी गच्छंतीची तारीखही ठरवलेली. तेवढ्यात जानेवारी १९९० मध्ये एका विशीतल्या पोराने गोल केला, नोकरी वाचली आणि पुढे अडतीस चषक आले. ‘संचालक मंडळाने धीर धरला म्हणून’, असे म्हणून ते क्षणभर थांबले. टाळ्या पहिल्या रांगेतून सुरू झाल्या.

ती गोष्ट मी याआधीही पुष्कळदा ऐकली होती. कोणताही संघ सलग पाच सामने हरला की कोणी ना कोणी ती सांगतोच. पण त्या दिवशी टाळ्या कुठून सुरू झाल्या हे पाहिल्यावर ती कोणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न पहिल्यांदाच नीट पडला. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. माझे म्हणणे असे की, ही गोष्ट तपशिलात चुकीची आहे आणि वापरात त्याहून वाईट आहे. संचालक मंडळ अपयशी मॅनेजरच्या पाठीशी उभे राहते, यात स्वतःहून काहीही थोर नाही. विश्वास कशावर आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे सांगितल्याशिवाय ‘विश्वास’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाला नाही.

फुटबॉलशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी एक खुलासा. इंग्लिश फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे हिशेब पाहणारा व्यवस्थापक नव्हे. संघ निवडणे, सराव घेणे, कोणता खेळाडू घ्यावा आणि कोणता विकावा हे सांगणे, आणि हरल्यावर पत्रकारांपुढे जाऊन बसणे ही त्याची कामे. त्याला नेमणारे आणि काढणारे संचालक मात्र वरच्या सज्जात बसतात.

आता प्रत्यक्ष हकिकत. फर्ग्युसन ६ नोव्हेंबर १९८६ रोजी आले, तेव्हा बावीस संघांच्या लीगमध्ये युनायटेड एकविसाव्या स्थानावर होता. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनसारख्या लहान क्लबला त्यांनी १९८३ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध युरोपीय चषक जिंकून दिला होता. म्हणजे माणूस अनोळखी नव्हता. पहिला हंगाम अकराव्या स्थानावर संपला, दुसरा दुसऱ्या, तिसरा पुन्हा अकराव्या. १९८९ च्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत त्यांनी फेलन, वेब, इन्स, पॅलिस्टर आणि वॉलेस असे पाच खेळाडू विकत घेतले. एकट्या पॅलिस्टरसाठी तेवीस लाख पौंड मोजले, जे एका बचावपटूसाठी त्या काळी अवाढव्य होते. त्याच उन्हाळ्यात प्रेक्षकांचे लाडके व्हाइटसाइड आणि मॅक्ग्रा यांना निरोप दिला गेला. सप्टेंबरमध्ये वेब इंग्लंडकडून खेळताना जायबंदी झाला, आणि त्याच महिन्यात शेजारच्या मँचेस्टर सिटीने युनायटेडला ५-१ असे धुतले. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत लीगमध्ये एकही विजय मिळाला नाही. डिसेंबरमध्ये घरच्याच मैदानावर एका प्रेक्षकाने चादरीवर रंगवलेला फलक उंचावला: तीन वर्षे सबबी ऐकल्या, खेळ अजून टाकाऊच आहे, रामराम!

आणि मग ७ जानेवारी १९९०. एफए चषकाच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर मार्क रॉबिन्सचा तो गोल. युनायटेड १-० जिंकला, पुढे चषकही जिंकला. हा सामना हरला असता तर फर्ग्युसन गेले असते, हे आज इतिहास म्हणून सांगितले जाते. तत्कालीन अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी मात्र पुढे वारंवार सांगितले की असे काही ठरलेच नव्हते. हरले असते तरी त्यांना काढले नसते. एडवर्ड्स स्वतःच्या प्रतिमेला जपून बोलत असतील, हे मान्य. पण त्यांचे खरे मानले तर गोलाची गोष्ट कोसळते, आणि खोटे मानले तर धीराची गोष्ट कोसळते. गोलाने नोकरी वाचली असेल तर मंडळाने धीर धरला नव्हता. ते फक्त पुढच्या पराभवाची वाट पाहत होते. मंडळाने धीर धरला असेल तर गोलाने काहीच वाचवले नाही. व्याख्याते दोन्ही एका दमात सांगतात आणि कोणाला विसंगती जाणवत नाही, याचे कारण गोष्टीच्या घाटात आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा घाट परिचयाचा असावयास हवा. आपल्या संतचरित्रांत कसोटीचा प्रसंग असतोच. अपमान होतो, छळ होतो, सगळे संपले असे वाटते, आणि नेमक्या त्या क्षणी हाक पोहोचते. ऐकणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, म्हणूनच संकट जितके गहिरे तितका आनंद अधिक. फर्ग्युसनचे १९८९ साल असेच मागून लिहिले गेले आहे. १९९३ मध्ये सव्वीस वर्षांनंतरचे लीग विजेतेपद आले नसते, १९९९ मध्ये एकाच हंगामात तीन मोठे चषक आले नसते, तर तो फलक उंचावणारा प्रेक्षक आज द्रष्टा ठरला असता. तीच चादर, तेच शब्द. बदलला असता तो फक्त उत्तरार्ध.

मग १९८९ मध्ये मंडळाला, उत्तरार्ध ठाऊक नसताना, काय दिसत होते? हा खरा प्रश्न, आणि याच भागाची गोष्टीतून पद्धतशीर कत्तल होते, कारण तो नाट्यमय नाही.

दिसत होती ती पोरे. फर्ग्युसन आले तेव्हा मँचेस्टर शहरातली होतकरू मुले प्रामुख्याने सिटीकडे जात, असे त्यांना आढळले. त्यांनी मुले हेरणाऱ्यांचे जाळे वाढवले आणि ब्रायन किडला शहराच्या गल्ल्यांतून फिरायला लावले. सिटीच्या शिबिरात खेळणारा एक मुलगा चौदा वर्षांचा झाला, त्या दिवशी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, ते स्वतः त्याच्या घरी जाऊन बसले. तो रायन गिग्ज. कनिष्ठ संघाचे प्रशिक्षक एरिक हॅरिसन यांना मात्र फर्ग्युसननी आणलेले नव्हते; ते त्यांच्या आधीच्या रॉन अ‍ॅटकिन्सन यांच्या काळापासून, १९८१ पासून, तिथेच होते. हे मुद्दाम सांगतो, कारण नव्या माणसाने येऊन सारे शून्यातून उभारले असे म्हणण्याची आपल्याला भारी हौस. जुन्याचे जे चांगले होते ते ठेवणे, हेही त्या कामातच मोडते. या सगळ्यातून १९९२ मध्ये युवा चषक जिंकणारा संघ निघाला: गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल. १९८९ च्या डिसेंबरात यातले काहीही गुणतक्त्यात दिसत नव्हते. पण क्लबच्या आत वावरणाऱ्या माणसाला ते दिसण्याजोगे होते. मंडळावर १९८४ पासून बॉबी चार्लटन होते. कनिष्ठ संघातूनच वर आलेला, म्यूनिकच्या विमान अपघातातून वाचलेला तो खेळाडू. सज्जातून मैदान पाहण्यापेक्षा मागच्या मैदानावरची पोरे पाहणे त्यांना अधिक कळत असणार. मॅट बझ्बी, ज्यांनी तरुण पोरांचा संघ उभारण्याची परंपराच घालून दिली, ते तेव्हा क्लबचे मानद अध्यक्ष होते.

म्हणजे विश्वासाला विषय होता. तो माणसाच्या तेजोवलयावर नव्हता, तर मोजता येईल अशा कामावर होता: किती मुले आली, ती कशी घडत आहेत, संघातल्या दारूबाजीला आळा बसला की नाही. आणि तरीही या मंडळाला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. ज्या १९८९ च्या धीराचे पोवाडे गायले जातात, त्याच ऑगस्टमध्ये अध्यक्ष एडवर्ड्स क्लब विकायला निघाले होते! मायकेल नाइटन नावाच्या गृहस्थांना आपले समभाग एक कोटी पौंडांना देण्याचे त्यांनी मान्य केले. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी हे भावी मालक खेळाडूंच्या पोशाखात मैदानावर उतरले आणि प्रेक्षकांपुढे चेंडू पायावर झेलत त्यांनी कसरत करून दाखवली. ऑक्टोबरपर्यंत व्यवहार फिसकटला आणि नाइटन संचालक मंडळावर एक खुर्ची घेऊन गप्प बसले. ज्या घराच्या मालकीचाच असा खेळ चाललेला, तिथे मॅनेजर बदलण्याची उसंत कोणाला होती? धीर आणि गोंधळ बाहेरून अगदी सारखे दिसतात. फर्ग्युसन टिकले त्यात चार्लटनची नजर किती आणि त्या शरदातली धांदल किती, हे कोणालाही वेगळे काढून दाखवता येणार नाही.

त्या क्लबच्या आधीच्या इतिहासातही धीराची अशीच गंमत आहे. १९७४ मध्ये टॉमी डॉकर्टी यांच्या हाताखाली संघ चक्क दुसऱ्या श्रेणीत घसरला, तरी त्यांना ठेवले. ते वर्षभरात परत वर घेऊन आले आणि १९७७ मध्ये एफए चषकही आणला. त्याच उन्हाळ्यात त्यांना काढले, ते खेळामुळे नव्हे, तर क्लबमधल्या एका सहकाऱ्याच्या पत्नीशी असलेल्या संबंधांमुळे. त्यांच्यानंतरच्या डेव्ह सेक्स्टन यांना १९८१ मध्ये काढले, तेव्हा संघ शेवटचे सलग सात सामने जिंकला होता. श्रेणी गमावणारा राहतो, सात सामने जिंकणारा जातो. निकाल आणि नोकरी यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ कधीच नव्हता.

आता धीराच्या त्या गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. संडरलंडने २०१६-१७ चा हंगाम डेव्हिड मॉइस यांच्याबरोबर शेवटपर्यंत काढला. पहिल्या महिन्यापासून संघ तळाशी होता, मंडळ ठाम राहिले, आणि अवघ्या चोवीस गुणांनिशी क्लब खाली गेला. मॉइस यांनी मे महिन्यात स्वतःच राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी संडरलंड आणखी एक श्रेणी घसरला. हाही धीरच होता की नाही? पण कोणत्या प्रबोधन वर्गात संडरलंडच्या मंडळाचे कौतुक ऐकले आहे? बुडालेल्या नावाड्यांनी नवस फेडल्याची चित्रे देवळात लागत नाहीत.

उलट बाजूचे लोक म्हणतील, मग काढा की लगेच. त्यांचेही समाधान करता येत नाही. बास तेर वेल या अर्थशास्त्रज्ञाने डच फुटबॉलचा १९८६ ते २००४ या काळातला तपशील तपासला. मॅनेजर बदलल्यावर संघ सुधारतो, हे खरे निघाले. पण तितकीच घसरगुंडी झालेले आणि तरीही मॅनेजर न बदललेले संघही जवळपास तसेच सुधारले. घसरण सरासरीपेक्षा खोल गेली की ती आपोआप वर येते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, इतकेच. याचा अर्थ काढून टाकण्यात शौर्य नाही, तसेच ठेवण्यातही नाही. दोहोंच्या समर्थनासाठी वेगळे कारण द्यावे लागेल, आणि ते कारण देण्याची वेळ आली की मंडळे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या न्यायाने गप्प बसतात.

का गप्प बसतात? माझ्या मते तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही लाजिरवाण्या आहेत. मॅनेजर चुकला असे म्हणणे म्हणजे त्याला निवडणारे आपण चुकलो असे म्हणणे, हे पहिले. नुकसानभरपाईचा आकडा हे दुसरे, आणि त्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही, ते सर्वांना कळते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मॅनेजर जोवर खुर्चीत आहे तोवर शिव्या त्याला पडतात. खेळाडू कोणी विकत घेतले, कर्जाचा बोजा कोणी चढवला, मैदानाचे छप्पर का गळते, हे प्रश्न विचारण्याआधी प्रेक्षकाच्या तोंडी त्या एका माणसाचे नाव येते. पावसात दुसऱ्याच्या हातात दिलेली छत्री कोण इतक्या लवकर मिटवील?

याचे सर्वांत उघड उदाहरण पुन्हा युनायटेडच आहे. फर्ग्युसन १२ मे २०१३ रोजी निवृत्तीच्या भाषणात प्रेक्षकांना म्हणाले की, माझ्या वाईट दिवसांत क्लब माझ्या पाठीशी उभा राहिला, आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहणे हे तुमचे काम. नवा मॅनेजर म्हणजे वर उल्लेखलेले मॉइसच, संडरलंडच्या आधीचे. सहा वर्षांचा करार आणि स्टेडियममध्ये त्यांच्या नावाचा गौरवाचा फलक. पुढल्या एप्रिलात, दहा महिन्यांत, ते गेले. फर्ग्युसनच्या गोष्टीवर सर्वांत जास्त विश्वास ज्या संस्थेने ठेवायला हवा, तिनेच ती पहिल्या कसोटीत गुंडाळून ठेवली.

त्यानंतरचा एरिक तेन हाग यांचा प्रसंग तर जणू १९९० ची नक्कल करण्यासाठीच घडला. २०२३-२४ मध्ये लीगमध्ये आठवे स्थान, केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल अधिक, नोकरी जाणार अशी कुजबुज. आणि मग २५ मे २०२४ रोजी एफए चषकाच्या अंतिम सामन्यात सिटीवर २-१ असा विजय. तोच चषक! मंडळाने विचारविनिमय केला, इतरांची चाचपणी केल्याच्या बातम्या आल्या, आणि जुलैमध्ये करार २०२६ पर्यंत वाढवला. ऑक्टोबर संपायच्या आत त्यांना काढले. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोकळे करण्यासाठी एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजावी लागली. चषकाने विश्वास निर्माण होतो, असे मानणाऱ्यांनी ही दोन वर्षे, १९९० आणि २०२४, शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या वेळी चषकाच्या मागे काहीतरी उभे होते. दुसऱ्या वेळी मंडळाकडे चषक होता आणि दुसरे काहीच नव्हते. त्याच काळात क्लबने बचतीच्या नावाखाली शेकडो साध्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. त्यांच्याबाबतीत धीर धरावा असे कोणास सुचल्याचे ऐकिवात नाही.

पुढचे रुबेन अमोरिम. २०२४-२५ मध्ये संघ पंधराव्या स्थानावर राहिला, बिल्बाओत युरोपा लीगचा अंतिम सामना हरला, पुढच्या ऑगस्टमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्झ्बीकडून लीग चषकात बाहेर पडला. मंडळ ठाम. ऑक्टोबर २०२५ मध्ये सहमालक जिम रॅटक्लिफ यांनी जाहीर सांगितले की, या माणसाला स्वतःला सिद्ध करण्यासाठी तीन वर्षे मिळायला हवीत. जानेवारी २०२६ च्या पहिल्याच आठवड्यात अमोरिमना काढले, तेव्हा संघ सहाव्या स्थानावर होता. आदल्या दिवशी त्यांनी पत्रकारांसमोर बोलून दाखवले होते की, मी इथे मॅनेजर म्हणून आलो आहे, केवळ प्रशिक्षक म्हणून नव्हे. पंधरावे स्थान खपले, ग्रिम्झ्बी खपली. वर बसलेल्यांचा अधिकार मोजून दाखवणारे एक वाक्य खपले नाही. तीन वर्षांचे तीन महिने झाले. विश्वास कशावर होता, याचे उत्तर यापेक्षा स्पष्ट कसे मिळेल?

येथे कोणी आर्सेनलचा दाखला देईल आणि तो मला मान्यच करावा लागेल. ऑगस्ट २०२१ मध्ये मिकेल आर्तेताचा संघ पहिले तिन्ही सामने हरला, एकही गोल नाही, नऊ गोल खाल्ले, वीस संघांत विसावा. मंडळाने त्यांना ठेवले. त्या हंगामात पाचवे स्थान मिळाले आणि पुढचे तीन हंगाम ओळीने दुसरे. पण त्या उन्हाळ्यात आर्सेनलने जे सहा खेळाडू विकत घेतले होते, त्यांतला एकही तेवीस वर्षांहून मोठा नव्हता. मोठ्या पगाराचे, मावळतीला लागलेले तारे एकेक करून निरोप घेत होते, अगदी कर्णधारसुद्धा. ज्याला पाहायचे त्याला बेत समोर दिसत होता, आणि त्यात मंडळाचा स्वतःचा पैसा व अब्रू दोन्ही गुंतलेली होती. तिथे मॅनेजरला छत्रीसारखे पुढे धरलेले नव्हते. आर्सेनल आणि संडरलंड यांच्यात फरक धीराच्या प्रमाणाचा नाही. एकाला विचारले असते तर उत्तर होते.

व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरे झाली. शेवटच्या रांगेतला एक सहकारी उठला. इंग्रजी साहित्य शिकवतो, सातवे वर्ष, सातवी नेमणूक. त्याने अदबीने विचारले, ‘सर, फर्ग्युसनना साडेतीन वर्षे मिळाली, ती करारात लिहिलेली होती का, की मंडळाच्या मनात होती?’ व्याख्याते हसले, प्रश्न फार मार्मिक आहे म्हणाले, आणि वेळेअभावी चहाच्या वेळी बोलू असे ठरले. चहाच्या वेळी मी त्याला शोधले. तो निघून गेला होता. दुपारी दुसऱ्या एका महाविद्यालयात त्याचा तास होता.